रांग किती कमी झाली?

नवी मुंबईतील मध्यमवर्गीय घरांत गेल्या पंचवीस वर्षांत एक प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही. मुलगा किंवा मुलगी महाप्याच्या, ऐरोलीच्या संगणक कंपनीत आहे, हे अभिमानाने सांगितले जाते. वेतन किती, परदेशवारी कधी, खारघरच्या घराचा हप्ता किती, हेही ओघाने येते. परंतु ही मुले दिवसभर, आणि पुष्कळदा रात्रभर, जी आज्ञावली लिहितात तिचा अखेर कोणाला काय उपयोग होतो, हे त्यांच्या आईवडिलांना ठाऊक नसते. खेदाची बाब अशी की, अनेकदा ते त्या मुलांनाही ठाऊक नसते. एका मोठ्या यंत्राचा एक दात आपण घासून देतो, एवढेच त्यांना माहीत असते. यंत्र कोठे फिरते आणि काय दळते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली वाहतुकीस खुला झाला आणि १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला पोहोचली. तोवर ठाणे-बेलापूर पट्ट्याची ओळख रासायनिक कारखान्यांनी होत असे. संध्याकाळी कोणत्या कारखान्याचा वास कोणत्या गावावर येणार, हे वाऱ्याच्या दिशेवरून तेथले लोक सांगत. नव्वदच्या दशकानंतर चित्र पालटले. महाप्यात औद्योगिक विकास महामंडळाचे मिलेनियम बिझनेस पार्क आले, वाशी स्थानकाच्या माथ्यावर सिडकोने इन्फोटेक पार्क उभारले, ऐरोलीत माइंडस्पेसच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. धूर गेला, काच आली. कामाचा मोबदला मोजण्याची रीत मात्र जुन्या कारखानदारीतलीच राहिली.

ही रीत म्हणजे तासांची. घराचे काम काढणाऱ्या कोणत्याही गृहस्थाला उक्ते आणि रोजंदारी यांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. गवंडी रोजंदारीवर असेल तर भिंत कधी पुरी होते, हे आपण सारे जाणतो. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाची उभारणी मुख्यतः या रोजंदारीवर झाली. सन २००० च्या तोंडावर जगभरच्या संगणकांत वर्षाचे दोनच आकडे साठवल्याने घबराट उडाली, तेव्हा लक्षावधी ओळी तपासून दुरुस्त करण्यासाठी माणसे हवी होती आणि ती आपल्याकडे होती. किती माणसे, किती तास, तासाला किती डॉलर, हा हिशेब तेव्हा बसला आणि पुढे तोच रूढ झाला. या हिशेबाची हेटाळणी करण्याचे कारण नाही. त्यानेच कित्येक मराठी कुटुंबे चाळीतून सदनिकेत आली, मुली स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या, गावाकडचे कर्ज फिटले. परंतु या रीतीचा एक अंगभूत दोष आहे. जे काम दहा तासांऐवजी चार तासांत होईल, ते चार तासांत करण्यात कंपनीचा लाभ नाही. आणि जे काम मुळी करण्याचीच गरज नाही, ते 'करू नका' असे ग्राहकाला सांगण्यात तर सरळ नुकसान आहे. असे सांगणारा माणूस कंपनीत फार दिवस टिकत नाही.

उक्ते काम हा यावरचा पूर्ण उपाय आहे, असेही नव्हे. उक्त्यात गवंडी घाई करतो, गिलावा पातळ लावतो. खरी परीक्षा पहिल्या पावसात होते. छप्पर गळते की नाही? आज्ञावलीच्या बाबतीत हा पहिला पाऊस म्हणजे तिचा वापर करणारा सामान्य माणूस.

अशा पावसात उभे राहिलेले एक काम मुंबईच्याच एका कंपनीच्या नावावर आहे आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही. मास्टेक ही कंपनी १९८२ साली अशंक देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केली; महाप्याच्या मिलेनियम पार्कमध्येही तिचे कार्यालय झाले. ठरलेल्या किमतीत, ठरलेल्या मुदतीत काम पुरे करण्याची पद्धत, म्हणजे आपल्या भाषेत उक्ते, यासाठी ती ओळखली जात असे. लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी शहराच्या मध्यभागातील गर्दीवर उपाय म्हणून तेथे शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क लावण्याचे ठरवले. व्यवस्था चालवण्याचे कंत्राट कॅपिटा या ब्रिटिश कंपनीला मिळाले आणि संगणकप्रणालीचे काम मास्टेककडे आले. १७ फेब्रुवारी २००३ रोजी शुल्क सुरू झाले.

या कामाची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. शुल्क तेव्हा पाच पौंड होते, सकाळी सात ते सायंकाळी साडेसहा. नाके नाहीत, फाटके नाहीत, कोठेही गाडी थांबवायची नाही. रस्त्यांवरचे कॅमेरे गाडीची पाटी टिपतात, यंत्र ती वाचते आणि दिवसाअखेर पैसे भरलेल्यांच्या यादीशी ताडून पाहते. पैसे भरले असतील तर छायाचित्र पुसून टाकायचे. नसतील तर दंडाची नोटीस काढण्यापूर्वी माणसाने पाटी पुन्हा डोळ्यांनी वाचायची. पैसे भरण्याच्या वाटा मात्र शक्य तितक्या ठेवल्या होत्या. दूरध्वनी, इंटरनेट, मोबाइलवरचा संदेश, पोस्ट आणि कोपऱ्यावरचे दुकानही. ज्याच्या घरी संगणक नाही त्या लंडनवासीयालाही चालत जाऊन पैसे भरता यावेत, हा विचार त्यात होता. आत राहणाऱ्यांना नव्वद टक्के सवलत होती. पहिला दिवस शाळांच्या सुट्टीचा निवडला होता, म्हणजे मुळातच गर्दी कमी असावी आणि चुका झाल्याच तर त्या थोडक्यात आवराव्यात. एवढा व्यवहारी विचार आपल्याकडच्या किती शासकीय योजनांच्या उद्घाटनात होतो? आपल्याकडे मुहूर्त पाहिला जातो तो बहुधा उद्घाटकाच्या सोयीचा.

पहिल्या वर्षअखेर शुल्काच्या वेळेत त्या भागात शिरणारी वाहने सुमारे १८ टक्क्यांनी आणि वाहतुकीची कोंडी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे लंडनच्या वाहतूक यंत्रणेने नोंदवले. सारे सुरळीत झाले असे नव्हे. चुकीच्या पाटीवर दंड गेल्याच्या तक्रारी आल्या. त्याच वर्षी करार बदलून अचूकता आणि सेवेचा दर्जा यांच्याशी पैशाची सांगड अधिक घट्ट घालण्यात आली. २००९ मध्ये ते कंत्राट आयबीएमकडे गेले. हेही योग्यच म्हणावे लागेल. ज्याने एकदा चांगले काम केले त्याला ते कायमचे आंदण मिळावे, असे ग्राहकाने का मानावे? लक्षात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. येथे किती ओळी लिहिल्या, किती माणसे राबली, हे लंडनच्या नागरिकाने विचारले नाही. बस वेळेवर येते का आणि आपल्याला खोटा दंड तर झाला नाही ना, एवढेच त्याने पाहिले.

याच ब्रिटनमधले उलटे उदाहरण त्याहून बोलके आहे. तेथील सरकारी आरोग्यसेवेचे संगणकीकरण करण्याचा अवाढव्य कार्यक्रम २००२ साली सुरू झाला. रुग्णालयातल्या डॉक्टर-परिचारिकांना नेमके काय हवे, हे न विचारता वरून ठरवलेले ते काम अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये गुंडाळण्यात आले. त्यातले जे भाग टिकले ते रोजच्या कामाला उपयोगी पडत होते म्हणून टिकले.

संगणकशास्त्रातल्या जाणत्यांना हे कळत नव्हते असे नाही. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा येथे सतरा जणांनी एकत्र येऊन एक जाहीरनामा काढला. चालणारी, वापरात असलेली आज्ञावली हेच प्रगतीचे मुख्य माप, असे त्यात म्हटले होते आणि ग्राहकाशी सतत बोलत राहण्याचा आग्रह होता. आज महाप्याच्या कार्यालयांत त्याचे कर्मकांड उरले आहे. सकाळी सारे उभ्याने बैठक घेतात, काल काय केले आणि आज काय करणार हे म्हणून दाखवतात, फळ्यावरच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे सरकतात. ग्राहक सात समुद्रांपलीकडे झोपलेला असतो. देव्हाऱ्यात सारे साहित्य आहे, देव तेवढा नाही, अशी ही पूजा!

ग्राहक दूर आहे ही सबब लंडनच्या बाबतीत क्षणभर मान्य करू. परंतु जो ग्राहक वाशीच्या स्थानकावर रोज उभा असतो, त्याच्या बाबतीत काय?

लोकलच्या तिकिटाची रांग ही मुंबईकराच्या आयुष्याचा किती भाग खाते, हे सांगण्याची गरज नाही. तिच्यावर प्रथम कूपनांची पुस्तिका आणि ती छापणारे यंत्र हा उपाय आला. नंतर २००७ च्या सुमारास स्मार्ट कार्डवर चालणारी स्वयंचलित तिकीटयंत्रे आली. यंत्रे उत्तम होती. पण स्थानक शोधा, मार्ग निवडा, एकेरी की परतीचे, किती माणसे, अशा एकामागून एक पडद्यांवर बोट ठेवत जाण्याइतका धीर आठ-चारची लोकल पकडणाऱ्याकडे कोठून असणार? वृद्धांना तर ते जमेचना. अखेर रेल्वेने काय केले? यंत्राशेजारी मदतनीस उभे केले, त्यांत निवृत्त रेल्वे कर्मचारीही होते. त्यांनी स्वतःचे कार्ड लावून भराभर तिकिटे काढून द्यायची आणि प्रवाशाने त्यांना रोख पैसे द्यायचे. खिडकीतला माणूस हटवण्यासाठी यंत्र आले आणि यंत्र चालवण्यासाठी माणूस परत आला! याला अपयश म्हणून हसणे सोपे आहे. पण त्या मदतनिसाकडे नीट पाहिले असते, तर लोकांना खरोखर काय हवे आहे हे त्याच्या बोटांनी दाखवून दिले असते. त्याला ठरावीक दहा-बारा स्थानकांची तिकिटे डोळे मिटून काढता येत. रांगेतल्या बहुतेकांना तेवढीच हवी असतात.

सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, २०१४ च्या डिसेंबरात, मोबाइलवरून लोकलचे तिकीट काढण्याची सोय मुंबईत सुरू झाली. रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेच्या भारतीय अभियंत्यांनी केलेले ते काम होते आणि तंत्र म्हणून त्यात उणे काढण्यासारखे काही नव्हते. तरी प्रारंभी प्रवाशांनी पाठ फिरवली. कारण साधे होते. तिकीट मोबाइलवर घेतले तरी त्याचा कागद स्थानकावरच्या यंत्रातूनच छापून घ्यावा लागे. म्हणजे रांग चुकवण्यासाठी मोबाइल आणि कागदासाठी पुन्हा रांग! कागद का हवा? कारण तिकीट म्हणजे छापील कागद, ही नियमाची आणि तपासनिसाच्या सवयीची बाब होती. २०१५ च्या जुलैत पश्चिम रेल्वेवर आणि नंतर मध्य रेल्वेवर कागदाची अट सुटली, तेव्हा कोठे त्या सोयीला अर्थ आला. आज्ञावलीतला बदल त्या मानाने लहान असेल. नियम बदलणे हे खरे काम होते.

पुढचा अडसर अंतराचा. तपासनीस समोर दिसल्यावर घाईने तिकीट काढणाऱ्यांना रोखायचे होते; म्हणून रुळांपासून काही मीटर दूर असल्याशिवाय तिकीट निघू नये, अशी उपग्रहाच्या साहाय्याने चालणारी मर्यादा घातली. हेतू रास्त होता. पण मुंबईत स्थानक आणि वस्ती यांच्यात अंतर असते कोठे? नियमाचा अक्षरशः अर्थ लावला, तर वाशी स्थानकाच्या माथ्यावरच्या इन्फोटेक पार्कमध्ये बसून जगभरच्या ग्राहकांसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या अभियंत्याला खाली उतरून, रस्त्यावर जाऊन, मग घरचे तिकीट काढावे लागणार! बाहेरच्या बाजूचीही मर्यादा होती; ती वाढत वाढत २०२४ च्या एप्रिलमध्ये काढूनच टाकण्यात आली. मधल्या काळात स्थानकावर लावलेल्या चौकोनी सांकेतिक चित्राने आतूनही तिकीट काढण्याची तजवीज झाली. २०२५ च्या जुलैत रेल्वेने आरक्षित, अनारक्षित अशा साऱ्या सेवा एकत्र करणारे 'रेलवन' आणले. दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या वाटचालीत ज्या ज्या वेळी प्रवाशांची संख्या खरोखर वाढली, त्या त्या वेळी कोणीतरी एखादी अट काढून टाकली होती. नव्या सुविधेची भर घातल्याने जेवढे साधले नाही, तेवढे जुनी अडचण वजा केल्याने साधले. तासांवर बिल लावणारा उद्योग वजाबाकीचे पैसे कसे मागणार, हा येथे खरा पेच आहे.

महाप्यापासून थोड्याच अंतरावर तुर्भ्याला कृषी उत्पन्न बाजार समितीचा अफाट पसारा आहे. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तेथे हलले. भाजी आणि फळांचा बाजार १९९६ मध्ये आला. मध्यरात्रीपासून गाड्या लागतात, माथाडी कामगार माल उतरवतात, आडते बोली लावतात. देवगड-रत्नागिरीच्या हापूसचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरवण्याची रीत तेथे कित्येक वर्षे चालत आली. कोकणातल्या बागायतदाराच्या हाती अखेर एक पट्टी येते. तीत भाव, हमाली, तोलाई, भाडे मांडलेले असते आणि ती खरी मानण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

केंद्र सरकारने १४ एप्रिल २०१६ रोजी 'ई-नाम' ही देशव्यापी संगणकीय बाजारव्यवस्था सुरू केली. कल्पना उत्तमच होती. परंतु पडद्यावर दिसणारा कांदा आतून कसा आहे, हे दूरच्या व्यापाऱ्याला कोण सांगणार? मालाची प्रत तपासणारी, सर्वांनी विश्वास ठेवावा अशी यंत्रणा बाजारोबाजारी उभी राहिल्याशिवाय बोली दूरवरून येत नाही. व्यापारी पोत्यात हात घालूनच भाव बोलतो. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते तुर्भ्याच्या गाळ्यांत आहे. तेथे पहाटे चार वाजता जाऊन उभा राहिलेला संगणक अभियंता शोधून सापडणे कठीण. लंडनच्या मोटारीची पाटी वाचणारी प्रणाली ज्या शहराच्या परिसरात घडू शकते, त्याच परिसरातल्या बाजारातली शेतकऱ्याची पट्टी त्या शहराला वाचता येऊ नये, याचा अर्थ काय? बुद्धीची उणीव नाही. ज्याची पट्टी त्याच्याकडून डॉलर मिळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आजवर हा प्रश्न कर्तव्याचा होता. आता तो पोटाचा झाला आहे. २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची जी साधने सर्वांच्या हाती आली, ती आज्ञावलीच्या ओळी माणसाच्या कित्येक पट वेगाने लिहितात. त्या ओळींत चुका असतात, त्या तपासाव्या लागतात, हे खरे. तरीही जो तास विकून हा उद्योग वाढला, त्या तासाचीच किंमत घसरू लागली आहे. टीसीएससारख्या भारदस्त कंपनीने २०२५ च्या जुलैत आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने त्याचे कारण यांत्रिक बुद्धीवर ढकलले नाही, कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचे सांगितले. पण उलवे-कामोठ्याच्या घरांत, जेथे वीस वर्षांच्या हप्त्यांची चार-पाच वर्षेच सरली आहेत, तेथे कारणाच्या शब्दयोजनेने कोणाला झोप लागणार नाही. बाधा विशेषतः मधल्या फळीला आहे. चाळिशीचा, पंधरा वर्षे इतरांच्या तासांचा हिशेब ठेवण्यात गेलेला माणूस आता कोणाला काय देऊ शकतो?

देऊ शकतो, जर त्याला ग्राहकाचा धंदा कळत असेल तर. विम्याचा दावा कोठे अडतो, बंदरातला कंटेनर कोणत्या कागदासाठी रखडतो, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर निघायला एवढा वेळ का जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला यंत्र मदतनीस म्हणून हवेच असते. ज्याने फक्त सांगितले तेवढे लिहिले, त्याची जागा यंत्र घेईल. या बाबतीत नवी मुंबईइतके अनुकूल शहर देशात क्वचितच असेल. जवाहरलाल नेहरू बंदर जवळ आहे, घाऊक बाजार आहे, कोकण रेल्वेचे मुख्यालय बेलापूरला आहे, महापालिकेची रुग्णालये आहेत, आणि सिडकोच्या खिडक्यांवर साडेबारा टक्के भूखंडाच्या फायलींसाठी वर्षानुवर्षे चकरा मारणारे आगरी-कोळी प्रकल्पग्रस्त पाहिलेल्या पिढ्याही येथेच आहेत.

वाशी, नेरूळ, खारघर, ऐरोली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शेवटच्या वर्षाला विद्यार्थ्यांकडून एक प्रकल्प करून घेतला जातो. ग्रंथालयाची नोंदवही किंवा वर्गाची हजेरी संगणकावर आणण्याचे तेच ते प्रकल्प वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे उतरत असतात आणि परीक्षकही ते ओळखीचे हसू हसून पास करतात. विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी ठरवले तर एक लहानशी अट घालता येईल: प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यात संगणकाला हात लावायचा नाही. बाजार समितीचा गाळा, रुग्णालयाची खिडकी, रेल्वेचे तिकीटघर, यांपैकी एका ठिकाणी उभे राहून माणसे किती वेळ थांबतात, कशासाठी परत पाठवली जातात, ते लिहून आणायचे. वर्षअखेरीस परीक्षकाने त्याच ठिकाणी जावे आणि तेथल्या हमालाला, परिचारिकेला किंवा कारकुनाला विचारून गुण द्यावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही. बाजार समितीच्या आवारात शिरण्याची परवानगी आणि पहाटेची पहिली लोकल, एवढीच तयारी हवी. हापूसचा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात येऊ लागतो आणि महाविद्यालयांचे दुसरे सत्र तेव्हा चालूच असते.